वाकदरीच्या देवळाचा फोटू

देवगाव रंगारीहून पुढं बैलगाडीच्या वाटेनं निघालं की वाकदरी लागते. पोलिस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं उलटली होती, तेव्हाची ही गोष्ट. वाटेनं येणाऱ्याला वाकदरी आधी दिसायचीच नाही. आधी दिसायचं महादेवाचं देऊळ. गाव मूठभर आणि देऊळ असं थोरलं, की परका माणूस हमखास विचारायचा, एवढं देऊळ बांधून ठेवलंय, पण गाव कुठाय?

देऊळ उभं केलं ते तात्यासाहेबांनी. त्यांनी गावोगाव हिंडून दगड मागितला, चुना मागितला, गाड्या मागितल्या. ज्यानं नाही म्हटलं त्याच्या ओसरीवर जाऊन बसले आणि उठलेच नाहीत. शेवटी घरधनी हात जोडायचा, "घेऊन जा बाबा, पण ऊठ." अशानं शिखर वर चढत गेलं. इथवर सगळं गोडीगुलाबीनं झालं. घोडं अडलं ते रंगापाशी.

तात्यासाहेबांना रंग पाहिजे होता, आणि तो चुन्याचा नव्हे, ऑइलपेंट. औरंगाबादेहून डबे आले. खाली पोपटी, त्यावर हळदी, त्यावर गुलाबी आणि कळसाच्या बुडाशी निळा. तात्यासाहेबांचे थोरले भाऊ पुंजाराम देवळाला लागूनच राहत. त्यांनी आपल्या ओट्यावरनं वर बघितलं आणि म्हणाले, "तात्या, म्हादेव जोगी माणूस. अंगाला राख फासतो. तू त्याला नवरी करून बसवलं."

तात्यासाहेबांना आला राग. "तुला काय कळतं रे रंगातलं?" असं ते चारचौघांत थोरल्या भावाला म्हणाले. म्हणायला नको होतं. पण जिभेला हाड नसतं, आणि तात्यासाहेबांच्या जिभेला तर लगामही नव्हता. पुंजारामांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. "ह्यो रंग हाय तवर ह्या देवळाची पायरी मी चढायचा नाय," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे अगदीच बंद नाही. पुंजारामांना काही सुनवायचं असलं की ते आपल्या सर्ज्या बैलाला सांगत, आणि इतक्या मोठ्यानं सांगत की तो बिचारा कान टवकारून उभा राही. तात्यासाहेबांना उत्तर द्यायचं असलं की ते देवळाच्या खांबाला देत. आणि गाव? गाव शहाणं. बियाण्याला, कर्जाला, कचेरीच्या कामाला तात्यासाहेब लागत. पुंजाराम कुणाला लागत नव्हते. मग तात्यासाहेबांच्या देखत लोक पुंजारामांच्या ओट्यापुढनं खाली मान घालून जाऊ लागले. तात्यासाहेबांनी तसं कुणाला सांगितलं नव्हतं. पण करू नका, असंही सांगितलं नव्हतं.

कळस चढला, उत्सव झाला, जेवणावळी उठल्या. पुंजाराम ओट्यावरनं हलले नाहीत. तेव्हा तात्यासाहेबांच्या डोक्यात फोटूचं आलं. देवळाचा एक दिवसाचा फोटू, एक रातचा. दोन्हीत पुढं स्वतः तात्यासाहेब. सभामंडपात दोन्ही बाजूंना लावायचे, मोठ्या चौकटीत, असे की पुंजारामांच्या ओट्यावरनंसुद्धा नजरेस पडावेत.

"म्हंजे भावजींना दिसले पायजेत," त्यांची बायको वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"त्याचा काय संबंध? देवळाची आठवण म्हणून लावायचेत."

"तुमाला फोटू नको हाय. तुमाला भाऊ पायजे," वच्छलाबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. तात्यासाहेब खोकले, पाणी प्याले आणि उठून बाहेर गेले. खरं बोलणाऱ्या बायकोपुढं माणसानं दुसरं करावं तरी काय?

औरंगाबादच्या शहागंजातल्या हबीबमियाँचा फोटूत हात धरणारा कुणी नव्हता, असं तात्यासाहेबांनी ऐकलं होतं. हबीबमियाँ देवगावपर्यंत एसटीनं आले आणि तिथनं बैलगाडीनं. कॅमेऱ्याची पेटी त्यांनी वाटभर मांडीवरनं खाली ठेवली नाही. आल्या आल्या त्यांनी मान मागं टाकून देऊळ बघितलं, पार कळसापर्यंत, आणि टोपी पडता पडता धरली. "माशाल्ला," ते म्हणाले, "काय बुलंद काम आहे, तात्यासाहब."

तात्यासाहेब फुलले. "रंग बघा. रंग सगळे येतील ना?"

"रंग कसे येतील? फोटो काळापांढराच येतो."

"म्हंजे गुलाबी?"

"गुलाबी पांढरा येईल. पोपटी जरा मळकट."

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात ओट्यावरनं आवाज आला, "सर्ज्या, ऐकलं का रं? फोटूच्या पेटीला बी कळतं." तात्यासाहेबांनी खांबाकडं बघून घसा खाकरला.

दिवसाचा फोटू सकाळी काढायचा ठरला. तात्यासाहेबांनी दवंडी दिली होती, सगळ्या गावानं नटूनथटून यावं. तिथंच चूक झाली. गाव आलं. नवी लुगडी आली, लग्नातले कोट आले, एक शेळी आली. हबीबमियाँनी तिपाई रोवली, काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "शिखर बसत नाही. मला मागं जावं लागेल," ते म्हणाले आणि पेटी उचलून मागं गेले.

आता पेटीजवळ असलं की तोंड मोठं येतं, हे गावानं कुणी न सांगता ताडलं होतं. हबीबमियाँ दहा पावलं मागं गेले, गाव दहा पावलं पुढं आलं. ते अजून मागं गेले, गाव अजून पुढं आलं. असं करत करत हबीबमियाँ तुरीच्या वावरात शिरले आणि त्यांच्यामागनं, नाही, त्यांच्या तोंडावर, सगळी वाकदरी तुरीत आली. तात्यासाहेब ओरडत होते, "देवळाशी उभं ऱ्हावा, देवळाशी." पण तेसुद्धा ओरडत ओरडत पुढंच येत होते, कारण गावाच्या पाठीमागं राहिलं असतं तर तात्यासाहेब ते तात्यासाहेब कसले?

"हबीबमियाँ, काढा आता," तात्यासाहेब पार पेटीपुढं येऊन म्हणाले.

"तात्यासाहब, मंदिर तुमच्या पाठीमागं झाकलं ना."

"ते कुठं पळून जातंय? तुमी काढा."

हबीबमियाँ शहरातले, पाहुणे, त्यात सज्जन. त्यांनी काढला.

"सर्ज्या," ओट्यावरनं आवाज आला, "गावाचा फोटू काढायचा व्हता, तर देऊळ कशाला बांधलं म्हणावं."

तात्यासाहेबांना ते झोंबलं. दुपारी त्यांनी हबीबमियाँना सांगितलं, "रातच्या फोटूत गाव नको. नुसतं देऊळ अन् मी." हबीबमियाँना देव पावला. दिवेलागणीला त्यांनी सभामंडपात, पायऱ्यांवर, दीपमाळेपाशी ग्यासबत्त्या ठेवल्या. अंधार पडला तसं देऊळ आतून उजळत आलं. सगळं गाव बघत राहिलं. खरं सांगायचं तर गावानं आपलं देऊळ असं निवांत, लांबून, कधी बघितलंच नव्हतं. तात्यासाहेबांना गहिवरून आलं. शेजारी बघून 'दादा, बघ' म्हणावं असं त्यांना वाटलं, आणि मग शेजारी कुणी नाही हेही आठवलं.

पायऱ्यांपुढं खुर्ची मांडली. तात्यासाहेब फेटा, कोट, हातात काठी अशा थाटात बसले. गावाला पेटीच्या मागं उभं केलं.

"रातचं काम सावकाशीचं," हबीबमियाँनी समजावलं. "दिवसा झाकण उघडलं की फोटो झाला. रात्री उजेड कमी, म्हणून झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं. दोन विड्या ओढून होतील एवढा वेळ तुम्ही हलायचं नाही. हललात तर फोटोत राहणार नाही."

"मी? मी दगडासारखा बसतो."

झाकण उघडलं. तात्यासाहेब दगडासारखे बसले. आणि त्याच वेळी शेतावरनं कडूबा आला. त्याला फोटूचं काही ठाऊक नव्हतं. खुर्चीत तात्यासाहेब दिसले. "रामराम, तात्यासाहेब," तो म्हणाला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. तात्यासाहेबांनी जन्मात कुणाचा रामराम रिकामा जाऊ दिला नव्हता. लहान असो, थोर असो, त्यांचे दोन्ही हात कपाळापर्यंत जायचे आणि मान कमरेपर्यंत यायची. त्यांची सगळी पत होती ती ह्या रामरामात. हात आपोआप वर गेले. "रामराम, कडूबा. पाणी झालं का देऊन?"

पेटीमागं उभ्या असलेल्या गावात चुळबुळ सुरू झाली. कडूबानं रामराम घातला, आपण घातला नाही, उद्या तात्यासाहेबांच्या मनात राहिलं तर? सांडू गुरव पुढं झाला, "रामराम, तात्यासाहेब." मग त्याच्यामागं एकेक करत रांगच लागली. तात्यासाहेबांचे हात खाली येईनात. तेवढ्यात काठी टेकत म्हातारी साळूबाई आली, नात्यानं त्यांची आत्या. तिच्यापुढं बसून राहायचं म्हणजे वडिलांच्या नावाला बट्टा. तात्यासाहेब उठले, चार पावलं गेले, वाकून पाया पडले आणि परत येऊन बसले.

"तात्यासाहब, हिलो मत," हबीबमियाँ कळवळले.

"हलतोय कुठं? रामराम घालतोय," तात्यासाहेब म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तात्यासाहेब स्वतः फोटू आणायला औरंगाबादला गेले. शहागंजातल्या दुकानात हबीबमियाँनी त्यांना बसवलं, चहा मागवला, चहा पिऊन होईतो इकडचं तिकडचं बोलले. वाईट बातमी सांगायची शहराची ही रीत. मग त्यांनी दिवसाचा फोटू पुढं ठेवला. गाव झकास आलं होतं. शेळी तर सुरेख आली होती. देऊळ मात्र कुठंच नव्हतं. फक्त सांडू गुरवाच्या पटक्यावर कळसाचं टोक तुऱ्यासारखं दिसत होतं.

"रातचा दाखवा," तात्यासाहेब म्हणाले.

रातचा फोटू त्यांनी उजेडाकडं धरला. देऊळ असं आलं होतं की बघत राहावं. पायरी पायरी, कोनाडा कोनाडा. पण पुढं खुर्ची, आणि खुर्चीत धुरकट काहीतरी. फेट्याच्या जागी फेट्याचा भास. तोंड नाही. आणि तात्यासाहेबांच्या पोटातून मागची पायरी सरळ आरपार दिसत होती.

"हा मी हाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"तुम्हीच. जो हलतो तो फोटोत विरतो. रांगेतला एकपण आला नाही बघा, सगळे हलते होते." हबीबमियाँना वाईट वाटत होतं, म्हणून त्यांनी बोट फोटूच्या डाव्या कोपऱ्याकडं नेलं. "पण हे बुजुर्ग कोण? यांच्यासारखा बसणारा माणूस मी बघितला नाही. मिशीचा केस न केस आलाय."

डाव्या कोपऱ्यात ओटा होता. ओट्यावर घोंगडी पांघरून पुंजाराम बसलेले. कपाळावरच्या आठ्या मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ. ते देवळाकडं बघत नव्हते. खुर्चीकडं बघत होते.

"एवढा वेळ अजिबात हलले नाहीत," हबीबमियाँ कौतुकानं म्हणाले. "कुणी रामराम घातला असता तर मान तरी हलली असती. कुणीच नाही का बोललं त्यांच्याशी?"

सगळं गाव त्यांच्यापुढं रांगेनं येत होतं, आणि त्या रांगेतला प्रत्येक माणूस पुंजारामांच्या ओट्यापुढनं आला होता. "तो माझा थोरला भाऊ हाय," ते म्हणाले. त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि हबीबमियाँ उगाचच कपाट आवरू लागले.

दुकानातनं निघताना तात्यासाहेब म्हणाले, "परत या. अजून एक काढायचाय, रातचा."

वाकदरीला उतरल्यावर तात्यासाहेब घरी गेलेच नाहीत. फोटू काखेत मारून सरळ ओट्यापुढं उभे राहिले. बोलणं आधी कुणी काढायचं हा प्रश्न होता. दोघंही एकाच बापाचे, हट्टाला कमी कोण? तात्यासाहेबांनी सवयीनं खांबाकडं बघितलं. मग मान वळवली.

"दादा, रामराम," ते म्हणाले.

पुंजारामांनी सर्ज्याकडं बघितलं. सर्ज्या कडबा खात होता, त्याची काही मदत झाली नाही. मग त्यांनी हात पुढं केला आणि फोटू घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"मी बरा आलोय," ते म्हणाले. मग फोटूवर बोट फिरवून, "तू कुठंय?"

"हा काय."

"हा? ह्यो तर धूर हाय."

"हललो मी."

"तू ल्हानपणापासून असाच. न्हाव्यापुढं बी बसायचा नाय," पुंजाराम म्हणाले. आवाज घोगरा होता, बऱ्याच दिवसांत माणसाशी बोलायला वापरला नव्हता ना. "मी मुंडकं धरायचो तुझं, तवा व्हायची हजामत."

"मंग आता बी धर," तात्यासाहेब म्हणाले. "परत फोटू काढू. माझ्याशेजारी बस, पायरीवर."

"त्या रंगावर? बोललोय मी. नाय बसणार."

"राती कुठं रंग असतो, दादा?"

पुंजारामांनी देवळाकडं बघितलं, मग फोटूतल्या देवळाकडं. फोटूतलं देऊळ पांढरंशुभ्र, राख फासल्यासारखं दिसत होतं. "बत्त्यांनी दिसल रंग," ते जरा मऊ होऊन म्हणाले.

"बत्त्या लांब ठेवू."

हबीबमियाँ आले तेव्हा तात्यासाहेबांनी पुरता बंदोबस्त केला होता. गावाला ताकीद होती की दिवे लागल्यावर जो देवळाकडं फिरकेल, जो रामराम घालेल, त्याचं तोंड बघणार नाही. गाव घराघरात कोंडून बसलं. बत्त्या लांब ठेवल्या. "चालेल," हबीबमियाँ म्हणाले, "उजेड कमी झाला तर झाकण जास्त वेळ उघडं ठेवू. फक्त हलू नका."

पुंजाराम आले. पहिल्या पायरीशी जरा थबकले, मग चढले. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. पुंजारामांनी धाकट्याच्या मानेवर हात ठेवला आणि पक्का धरला. हबीबमियाँनी झाकण काढलं.

दोघंही समोर पेटीकडं बघत राहिले. मग ओठ न हलवता पुंजाराम म्हणाले, "तांबडी गाय व्याली म्हणं."

"व्याली. कालवड झाली," तात्यासाहेब तसेच म्हणाले.

"कुणावर गेली?"

"आईवर. कपाळावर तसाच चांद."

मान कुणाचीच हलली नाही. हबीबमियाँना बरं वाटलं.

"तात्या," पुंजाराम म्हणाले, "आईच्या श्राद्धाला औंदा मी एकट्यानंच पान ठेवलं."

"मी बी घरी ठेवलं."

"तुझ्या पानाला कावळा शिवला?"

तात्यासाहेब म्हणाले, "नाय. दुपारपत्तोर वाट बघितली. तुझ्याकडं गेला असल म्हणून माझा जीव जळत व्हता."

"माझ्याकडं कुठला? तुझ्याकडं गेला म्हणून मी जेवलो नाय." पुंजारामांचा हात मानेवरनं सुटला. त्यांनी वळून धाकट्याकडं बघितलं. "मंग आई व्हती कुठं?"

"दोन घरांच्या मधी लिंब नाय का," तात्यासाहेब म्हणाले, "तिथंच बसली असल. इकडं जावं का तिकडं, करत."

पुंजाराम हसले. आधी मिशीतल्या मिशीत, मग खो खो, मग डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला उपरणं सापडेना. तात्यासाहेबांनी आपला फेटाच सोडून पुढं केला. मग काय, वर्षभराचं साचलेलं. विहिरीचं निघालं, सोयरिकीचं निघालं, सर्ज्याच्या खुराचं निघालं. हातवारे सुरू झाले. तात्यासाहेब खांब नेमका कुठला ते दाखवायला उठले, पुंजाराम तो खांब बघायला उठले, खालच्या पायरीवर गेले, वरच्या पायरीवर आले. रंगावरनं परत एकदा वाजलं आणि परत मिटलं.

हबीबमियाँनी 'हिलो मत' म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. विडी पेटवली, ती संपल्यावर दुसरी पेटवली, आणि मग अलगद झाकण लावून टाकलं.

तो फोटू वाकदरीच्या सभामंडपात लागला. देऊळ त्यात अख्खं आहे, पायरीपासून कळसापर्यंत, आणि पायऱ्यांवर चिटपाखरूसुद्धा नाही. पाहुणा आला की तात्यासाहेब त्याला हाताला धरून फोटूपाशी नेत आणि रिकाम्या पायरीवर बोट ठेवत.

"हा मी," ते सांगत, "अन् हा माझ्याशेजारी आमचा दादा."

"नाय, तू डावीकडं व्हता," पाठीमागनं पुंजाराम म्हणत, "ह्यो मी हाय." आणि पाहुणा बिचारा चष्मा पुसून परत बघू लागे.